सुभेदारांच्या माडलातली पडकी घरं

मी सुभेदारांचं माडल मोडलं, असं आमच्या गावात पुढं कित्येक वर्षं लोक सांगत होते. मोडलं नाही, दुरुस्त केलं. हा फरक ज्यांना कळत नाही त्यांच्याशी मी हुज्जत घालत नाही, पण आता लिहायलाच बसले आहे तर सुरुवातीलाच तेवढं सांगून टाकते.

आमचं गाव कृष्णेकाठचं, पलूसपासून चालत दोनेक तासांचं. घरातला एक गडी उसात आणि एक फौजेत, अशी बहुतेक घरांची वाटणी. मोठी लढाई संपल्यावर वर्षभरात फौजेतली माणसं एकेकटी, दोघंदोघं परत यायला लागली. काळ्या ट्रंका, खाकी कांबळी आणि तोंडात नवीनवी हिंदी घेऊन. त्यांतच माझा थोरला भाऊ आला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. लग्न शिराळ्याकडं झालेलं, पण नवरा अजून छावणीतच अडकलेला आणि आईला वातानं धरलेलं, म्हणून मी माहेरीच राहत होते. दादा डाव्या कानानं ठार बहिरा होऊन आला. हातपाय शाबूत होते, म्हणून आईनं मारुतीपुढं नारळ फोडला. त्याच्यामागून पंधरा दिवसांनी त्याचे सुभेदार आले, तेही आमच्याच गावचे, आणि आईचा नारळ वाया गेला.

आमच्या समोरच्या घरात मावशी राहायच्या. नात्यानं मावशी नव्हेत, शेजारानं. त्यांचा एकुलता मुलगा आणि दादा एकाच दिवशी साताऱ्याला जाऊन भरती झाले होते, एकाच पलटणीत गेले होते, आणि इटलीतल्या कुठल्याशा पडक्या गावात मावशींचा मुलगा मारला गेला. तार आली तेव्हा सगळं गाव रडलं. पण तो कसा गेला ते सुभेदारांनी येऊन सांगितलं. त्यांची तुकडी त्या गावात शिरली होती. एका बोळावर नजर ठेवायला दादाला ब्रेनगन देऊन एका घराच्या खिडकीत बसवलं होतं. जर्मन त्याच बोळातून आले, पुढं असलेल्या मावशींच्या मुलाला त्यांनी टिपलं, आणि दादाच्या बंदुकीतून एक गोळी उडाली नाही.

"झोपला हुता, न्हाईतर भ्याला हुता," सुभेदार म्हणायचे. "तिसरं काय आसंल तर त्यानं सांगावं."

दादानं काहीच सांगितलं नाही. तो परसात बसून वाखाचे दोर वळायचा. तो न्हाव्याकडं गेला की तिथली बोलणी थांबायची. तालमीत गेला तर त्याच्याशी जोड धरायला कुणी लंगोट कसायचं नाही. मावशी त्याला बघून तोंड फिरवायच्या, आणि हे मात्र त्याला सोसत नव्हतं. शिमग्याच्या सुमारास एक दिवस जेवता जेवता त्यानं आबांना, म्हणजे आमच्या वडलांना, सांगितलं की आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की तो बेळगावकडं जाणार, तिकडं पलटणीतल्या कुणीतरी काम बघितलंय, आणि परत येणार नाही. आबांनी ताटातली भाकरी मोडली. आई भाकरी थापायची थांबली. मला मात्र असा संताप आला की माझं ताट मी तसंच सरकवलं. न केलेल्या गोष्टीसाठी माणसानं गाव सोडायचं, आणि घरच्यांनी मुकाट बघायचं. मला हे पटणारं नव्हतं आणि मी ते पटवूनही घेणार नव्हते.

आता माडल काय ते सांगते. फौजेत म्हणे लढाईच्या आधी वाळूवर सगळा मुलूख मांडून दाखवतात. टेकड्या, रस्ते, घरं. त्याला हे लोक 'माडल' म्हणायचे. सुभेदारांनी घरी आल्या आल्या त्यांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, तसलं एक केलं. जुन्या दरवाजाची फळी दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकली, कडेनं पट्ट्या ठोकल्या, वर नदीची वाळू. भरतीला जाणाऱ्या पोरांना शिकवायला केलंय असं ते सांगत, पण खरे खेळायचे ते घरी आलेले बापये. दर रविवारी दुपारी सोप्यात ही गर्दी. आपले शिपाई म्हणजे चिंचोके, जर्मन म्हणजे गुंजा. रस्त्यानं चाललं तर एका डावात एक वीत, पडझडीतून चाललं तर चार बोटं. गोळी लागली की नाही हे कवड्या टाकून ठरायचं. आणि कोण कुणाला दिसतंय हे ठरायचं दोऱ्यानं. ह्या चिंचोक्यापासून त्या गुंजेपर्यंत दोरा ताणून धरायचा. दोरा भिंतीला टेकला तर दिसत नाही, मोकळा गेला तर दिसतं. शिवणाचाच दोरा, सुभेदारीणबाईंच्या डब्यातला.

खेळ चांगला होता, हे मी कबूल करते. सोंगट्यांपेक्षा चांगला. पण सुभेदार सगळ्यांत जास्त वेळा मांडायचे ती लढाई एकच, मावशींचा मुलगा गेला ती.

मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा सुभेदारीणबाईंची सुपली परत द्यायला गेले होते. आतल्या दाराआडून बायकांना सोपा दिसायचा. फळीवर दहाबारा पडकी घरं होती, मातीची. मध्ये बोळ. सुभेदारांनी एका घरात चिंचोका ठेवला.

"हितं बंदूक," ते म्हणाले. "आन् हितनं जर्मन आलं. धरा दोरा."

दोघांनी दोन टोकं धरली. दोरा सरळ गेला. कुठंही टेकला नाही. सोप्यातली पंधरावीस माणसं त्या दोऱ्याकडं बघत होती.

"लहान पोरालाबी दिसलं आसतं," सुभेदार म्हणाले. "दोरा काय माझ्या बाजूचा हाय का त्याच्या बाजूचा?"

माझ्या शेजारी दाराआड मावशी उभ्या होत्या. त्या सुभेदारीणबाईंच्या लांबच्या नात्यातल्या, दुपारचं निवडणं-टिपणं करायला तिकडं यायच्या. त्यांनीही दोरा बघितला. मग त्या सूप घेऊन आत गेल्या.

मी घरी आले ती तडक परसात. दादाच्या उजव्या कानाच्या बाजूला बसले, डाव्या बाजूनं बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

"तुला बोळ दिसत हुता का न्हाई?"

तो दोर वळत राहिला. मी त्याच्या हातातून वाख ओढून घेतला.

"तितं भिती हुत्या," तो म्हणाला.

"किती उंच?"

त्यानं वर बघितलं. आमच्या परसात उंच झाड नव्हतं, पण कुणाच्यातरी वाड्यातला आंब्याचा शेंडा दिसायचा. त्यानं तो दाखवला. "त्येवढ्या. आन् त्यावर आणिक."

मी म्हटलं, पडक्या घराच्या भिंती आंब्याएवढ्या कशा असतील? पडलं म्हणजे पडलं. आणि हे म्हणता म्हणताच मला सुभेदारांची चूक कळली, कारण ती माझीही चूक होती.

आमच्याकडचं घर पडतं ते पावसानं पडतं. माणूस उठून गेलं, धाब्यावर माती टाकायला कुणी उरलं नाही, की आधी धाबं बसतं. मग भिंती वरून विरघळायला लागतात. चारपाच पावसाळ्यांत कमरेइतक्या राहतात, कडा गोल होतात, आत एरंड उगवतो. पडकं घर म्हणजे हे, जन्मापासून डोळ्यांत बसलेलं. सुभेदारांचं माडल ज्यांनी केलं ते सगळे इटली बघून आलेले होते. तिथली घरं त्यांनी डोळ्यांनी बघितली होती, त्यांत झोपले होते, त्यांत मेलेल्यांना उचललं होतं. तरी वाळूवर घर करायला बसल्यावर त्यांच्या हातांनी केलं ते आपल्या गावचं पडकं घर. चार बोटांची बुटकी, गोल कडांची भिंत. त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. हाताला जे येतं ते हात करतो. पण त्या बुटक्या भिंतींवरून दोरा मोकळा गेला आणि माझा भाऊ गुन्हेगार झाला.

"मला सांग," मी दादाला म्हटलं. "सगळी घरं सांग. मी करते."

"कशाला?"

"मला करायचीत म्हणून."

मातीची केली असती तर एवढी उंच आणि पातळ भिंत वाळताना तडकली असती. म्हणून मी कागदाचा लगदा घेतला. आमच्या बायका त्याच्या पाट्या करतात: कागद भिजत घालायचा, मेथ्या भिजत घालायच्या, दोन्ही उखळात कुटायचं, की असं चिवट होतं की वाळल्यावर लाकडासारखं वाजतं. पण लढाईच्या दिवसांपासून रद्दी मिळत नव्हती. आबांनी पंधरावीस वर्षांची जुनी पंचांगं बांधून आढ्याला ठेवली होती. ती मी काढली. आईनं बघितलं तेव्हा मी उखळात एक अख्खं वर्ष कुटून बसले होते.

"आगं, तिथ्या कुटतीस?" ती म्हणाली. "एकादशा हायत त्यात."

"झालेल्या एकादशा हायत, आई. त्यांचा उपास तू धरला हायस."

आबांनी ऐकलं, आणि नवीन वर्षाचं तेवढं पंचांग उचलून आपल्या उशाला नेऊन ठेवलं. बाकीच्यांबद्दल काही बोलले नाहीत. त्यांची परवानगी अशीच असायची.

पहिली भिंत मी पाटावर थापली, उन्हात वाळवली, विळ्यानं खिडक्या कापल्या आणि वरची कड दातेरी केली. मला ती फार छान वाटली. दादाला दाखवली तर तो हसला. लढाईवरून आल्यापासून पहिल्यांदा हसला, तेही मला.

"आसं पडत न्हाई," तो म्हणाला. "कोपरा ऱ्हातो. मधलं जातं."

त्यानं अंगठ्यानं मधला भाग मोडला. दोन बाजूंच्या भिंती जिथं मिळतात तो कोपरा उभा राहिला. खरंच, एकदम घर पडल्यासारखं दिसायला लागलं. मग त्यानं मला बाकीचं सांगितलं. आतले मजले खाली बसायचे आणि भिंतीत तुळयांची भोकं रांगेनं उरायची. दुसऱ्या मजल्यावरची चूल भिंतीला चिकटून अधांतरी राहायची. खिडकीतून बघितलं तर पलीकडं खोली नसायची, आभाळ असायचं. तो बोलायला लागला की हातातलं काम थांबवायचा नाही, आणि मी करायला लागले की तो बोलायचा. मी थांबले तर तोही थांबायचा. म्हणून मी थांबले नाही. शिमग्यापासून जवळजवळ दीड महिना रोज दुपारी आम्ही दोघं परसात बसून इटलीतलं एक गाव पाडत होतो.

शेजारपाजारच्या बायका येऊन बघायच्या. एकीनं विचारलं, लग्नातल्या रुखवतात ठेवायचं का हे? दुसरी म्हणाली, चांगलं घर करायचं सोडून मोडकी घरं करती, हिला नांदायचं नाही वाटतं. मी म्हटलं, नांदायला चांगलीच घरं लागतील, ही भांडायला आहेत.

सगळ्यांत अवघड एक भिंत होती, आणि ती मला दादानं सांगितलीच नाही. ती मला सुभेदारांकडून मिळाली. सुभेदारांची एक गोष्ट होती, गावात ती शेंबड्या पोरांनाही पाठ. त्या पडक्या गावात बोळाच्या तोंडाशी, विहिरीला लागून, एका घराची तेवढी एक भिंत उभी होती, तीन माणसं उंच. भिंतीला चिकटून जिना. बाकी घराचा पत्ता नाही. सुभेदार त्या जिन्यानं वर गेले. वर भिंतीला खिळ्यावर आरसा लटकलेला, त्याला चीरसुद्धा नाही. त्या आरशात बघून त्यांनी मिशीला पीळ दिला, आणि मग वरून जर्मनांवर हातगोळा टाकला. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, कुणाच्या तेराव्यालासुद्धा त्यांनी ही गोष्ट सांगितली होती. गोष्ट खरीच होती. त्यांच्याबरोबरचे दोघंतिघं माना हलवायचे.

मी दादाला विचारलं, "ती आरशाची भित तुझ्या खिडकीतनं कुटं हुती?"

त्यानं हातातला दोर उलगडून परत वळला. मग म्हणाला, "म्होरंच."

मला तेवढं पुरे होतं. ती भिंत मी सगळ्यांत झकास केली. जिन्याच्या अकरा पायऱ्या केल्या. वर खिळ्याच्या जागी बाभळीचा काटा, आणि काट्याला माझ्या जुन्या परकराच्या कडेचं आरशाच्या काचेचं एक भिंग. चुना आणि राख कालवून सगळ्या भिंतींना दगडाचा रंग दिला.

आखितीच्या आधीच्या रविवारी मी घरं पाटीत भरली. दादा म्हणाला, मी येणार नाही आणि तूही जाऊ नको. आई म्हणाली, बापयांच्या सोप्यात जायची कुठली रीत. आबा म्हणाले, पदर नीट घे. मी पदर घेतला, पाटी डोक्यावर घेतली आणि गेले.

सोप्यात खेळ मांडलेलाच होता. मी पायरी चढले तशा सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

"काय गं पोरी?" सुभेदार म्हणाले. "बायका आत हायत."

"तुमच्याकडंच आले, तात्या. तुमच्या माडलातली घरं चुकल्यात. मी नवी आणल्यात. मांडते आन् जाते."

"घरं चुकल्यात?" ते हसले. "तू कवा गेलीस गं इटलीला?"

"मी न्हाई गेले. तुमी गेला हुता. बघून सांगा."

मी एक कोपरा काढून फळीवर ठेवला. मग दुसरा. इतक्यात कडेला बसलेला एक फौजी पुढं आला. त्याचा एक हात कोपरापासून नव्हता. त्यानं उरलेल्या हातानं एक भिंत उचलली, तुळयांच्या भोकांत करंगळी घालून बघितली, अधांतरी चुलीला हात लावला.

"आरं गड्या," तो शेजारच्याला म्हणाला, "आसंच हुतं की रं. आपुन ही काय मातीची ढेकळं मांडून बसलोय?"

मग सगळेच वाकले. इथं चर्च होतं, इथं ते मेलेलं खेचर पडलं होतं, असं सुरू झालं. इतके महिने खेळत होते पण अशी आठवण कुणाला झाली नव्हती. त्यांनीच मातीची घरं उचलून बाजूला टाकली आणि माझी मांडली. मी फक्त हातात देत होते. सगळ्यांत शेवटी मी आरशाची भिंत काढली.

"ही तुमची, तात्या."

सुभेदारांचा चेहरा खुलला. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मला त्यांचा राग नव्हता, इतके ते खूश झाले होते. त्यांनी भिंग बघितलं, त्यात वाकून मिशी बघितली, आणि सगळी गोष्ट पुन्हा सांगितली, जिन्याच्या पायऱ्या बोटानं चढून दाखवत.

"कुटं ठेवायची?" मी विचारलं.

"हितं," ते म्हणाले. "बोळाच्या तोंडाला. हीर हितं, भित हितं." आणि त्यांनी ती स्वतःच्या हातानं वाळूत घट्ट रोवली.

"आता बंदूक ठेवा की," मी म्हटलं. "आन् धरा दोरा."

त्यांनी दादाचा चिंचोका खिडकीत ठेवला. एक हात नसलेल्या फौजीनं एक टोक धरलं, दुसरं एका भरतीच्या पोरानं. दोरा ताणला. तो आरशाच्या भिंतीला टेकला.

"हात हालला," सुभेदार म्हणाले. "परत धरा."

परत धरला. टेकला. त्यांनी टोक आपल्या हातात घेतलं, आणखी ताणलं. जिन्याच्या सातव्या पायरीला टेकला. मग त्यांनी काय करावं? भिंत दोन बोटं विहिरीकडं सरकवली.

"तितं भित हुती तर तुमी मिशी कुटं पिळली, तात्या?" मी विचारलं. "हिरीत?"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकला काढला. सुभेदारांनी भिंत परत जागेवर ठेवली. ते प्रामाणिक होते असं म्हणायचं तर एवढ्यापुरतं म्हणेन.

"दिसत नव्हतं तर जागा बदलायची," ते म्हणाले, आवाज चढवून. "शिपाई हाय का धोंडा हाय?"

"जागा दिली कुणी त्याला?"

त्यांनी खिडकीतला चिंचोका उचलून परत ठेवला. एक हात नसलेला फौजी खाली बघत म्हणाला, "सुभेदारसायबांनीच दिलती. आन् हालू नगं म्हणून सांगितलं हुतं. मी हुतो तितं."

"मग इतकं दिस तुमी का बोलला न्हाई?" मी त्याच्याकडं वळले. मला आता कुणालाच सोडायचं नव्हतं. "माझा भाऊ न्हाव्याकडं जायचा बंद झाला, तालमीत जायचा बंद झाला. परवा गाव सोडून चाललाय. तुमाला तोंड न्हवतं का?"

तो फळीपासून मागं सरला. बाकीचे वाळू चाळवत राहिले, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मला फार बरं वाटलं. सुभेदार म्हणाले, पुरे झालं आता, जा घरी. मी म्हटलं, माझी घरं हायत, मी थांबीन.

तेवढ्यात आतल्या दारातून मावशी बाहेर आल्या. सोप्यात आलेली दुसरी बाई. त्या सरळ फळीपाशी आल्या. त्यांनी दोऱ्याकडं बघितलं नाही, सुभेदारांकडं बघितलं नाही.

"माझं पोरगं कुटं हुतं ह्यात?" त्यांनी विचारलं.

सुभेदारांनी भिंतीपलीकडच्या एका चिंचोक्याकडं बोट केलं.

"हितं न्हवतं," अंगणातून आवाज आला. दादा. आईनं त्याला मला परत न्यायला पाठवलं होतं आणि तो कधीपासून उभा होता ते कुणी बघितलं नव्हतं. तो पायऱ्या चढून आला. त्या सोप्यात त्यानं पाय ठेवला नव्हता, पण आता लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. त्यानं तो चिंचोका उचलला आणि दोन बोटं अलीकडं, भिंतीला लागून ठेवला.

"हितं. जात्याएवढा दगड हुता, त्येच्या आड."

मावशींनी हाताची वीत पसरली. एक टोक दादाच्या चिंचोक्यावर, दुसरं आपल्या मुलाच्या. वीत पुरून उरली.

"येवढ्या जवळ?"

"व्हय, मावशी. मधी भित हुती. पर हाकेवर."

"हाक मारलीस का त्याला?"

हे त्यांनी डाव्या बाजूनं विचारलं. दादाला ऐकू गेलं नाही. त्या वळसा घालून त्याच्या उजवीकडं गेल्या आणि पुन्हा तेच विचारलं, तेवढ्याच आवाजात.

"मारली," दादा म्हणाला. "वर गोळा पडला, समदा धुरळा झाला. काय दिसंना. तवा मारली. तीनदा मारली. पर कान तवाच गेला हुता, माझी हाक मलाच ऐकू आली न्हाई. त्याला गेली का न्हाई, म्हाईत न्हाई."

"कोणच्या नावानं मारलीस? पलटणीतल्या?"

"न्हाई, मावशी. तुमी घरात मारायचा, त्या."

मावशींनी मुलाचा चिंचोका उचलला आणि पदराच्या गाठीत बांधला. मग दादाचं मनगट धरून त्याला घेऊन त्या पायऱ्या उतरल्या. त्या माझ्याजवळून गेल्या, पण मी तिथं आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. दोघं अंगणातल्या कडुलिंबाखाली बसली. त्या विचारत होत्या आणि तो सांगत होता. काय ते सोप्यात ऐकू येत नव्हतं.

दादा बेळगावला गेला नाही. सुभेदारांनी त्याला चारचौघांत 'माझं चुकलं' असं कधी म्हटलं नाही, आणि मी त्यांना कधी माफ केलं नाही. त्यांच्या तेराव्याला माझा नवरा गेला, मी गेले नाही. दोरा मी जिंकले होते आणि ते मी आजही कुणालाही सांगेन.

पण मावशींना दोरा नको होता. दीड महिना रोज दुपारी मी दादाच्या उजव्या बाजूला बसले होते. खिडकी किती रुंद, पायऱ्या किती, कोपरा कसा राहतो, सगळं खोदून खोदून विचारलं होतं. हाक मारलीस का, हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.